चूल पेटली का?

आमच्या शेडमध्ये किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चूल विकली की मागोमाग तक्रार येते, तक्रार आली की टेम्पो काढून जावं लागतं, आणि गेलं की चहा, पोहे आणि एक किस्सा घेतल्याशिवाय परत येता येत नाही. चुलीतली राख निदान रोज काढून टाकता येते, हे मात्र साचतच जातं. परवा दुपारी लाइट गेली, मशीन बंद पडलं आणि आम्ही तिघं एकेक किस्सा काढत बसलो. त्यातले चारचौघांत सांगण्यासारखे तेवढे सांगते.

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. शेड रत्नागिरीत, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला. मालक शिरीष सर. मुंबईत बॉयलरच्या कंपनीत चांगल्या पोस्टवर होते, ते सोडून इथे बिनधुराच्या चुली बनवायला आले. पत्रा कापणं, वेल्डिंग आणि टेम्पो इकबालभाईंकडे. आणि मी मंदा. गावोगाव डेमो देणं आणि नंतर बायकांची बोलणी खाणं हे माझं खातं.

सरांनी मुंबई कशासाठी सोडली? एका खोकल्यासाठी! त्यांना लहानाचं मोठं केलं शेवंतीआत्यानं. ती लांज्याकडच्या एका वाडीत एकटी राहते आणि सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे बसून खोकायची. डॉक्टरांनी सरांना स्वच्छ सांगितलं, "औषध मी देईन, पण धूर थांबल्याशिवाय ही छाती काही सुधारायची नाही." म्हणून सरांनी चूल तयार केली. बघता बघता ती जिल्हाभर पेटली. एक घर सोडून! आत्या घ्यायलाच तयार नव्हती.

दर खेपेला नवं कारण. "शिमगा होऊं दे." शिमगा झाला. "पाऊस सरूं दे." पाऊस सरला. "भाताला चव येनार न्हाय." सरांनी तिला आमच्या चुलीवरचा भात डब्यातून नेऊन खायला घातला. तिनं सगळा संपवला, हात धुतला आणि म्हणाली, "भात ग्वाड हाय. पन चूल नको, बाळ्या."

सरांना बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच. म्हणजे तोंडावर म्हणणारी. शेडमध्ये पाठीमागे कोण काय म्हणतं ते जाऊ दे.

*

पहिला मोठा डेमो संगमेश्वरकडच्या एका गावात होता, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. सरांचं भाषण ठरलेलं. "धूर म्हणजे काय? धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं लाकूड! तुम्ही डोंगरावरून मोळी आणता, आणि तिच्यातलं बरंचसं कौलांतून हवेत सोडून देता. वर डोळे चोळत बसता!"

मग चूल उचलून दाखवायचे. दोन पत्र्यांची भिंत, मध्ये पोकळी. खालच्या भोकांतून जाणारी हवा लाकूड पेटवते. पोकळीतून वर चढणारी हवा चढता चढता तापते आणि वरच्या भोकांच्या रांगेतून आत शिरते. निघून चाललेला धूर तिथं अडतो आणि स्वतःच पेट घेतो. "धुराला आम्ही घराबाहेर जाऊच देत नाही, आतच जाळतो!" इथे टाळ्या यायच्या.

त्या दिवशीही आल्या. "आता मी काडी लावतो, तुम्ही धूर शोधून दाखवा," असं म्हणून सरांनी चूल पेटवली. धूर शोधावा लागला नाही. हॉलमध्ये माणूस माणसाला दिसेना! लहान पोरं रडायला लागली.

झालं होतं असं, की इकबालभाईंनी वाटेत एका ओळखीच्या बाईचे मासळीचे क्रेट टेम्पोत घेतले होते. बर्फ वितळला, पाणी सगळं लाकडांत मुरलं. सर धुरातून ओरडत होते, "लाकूड ओलं आहे! आगीची सगळी ताकद पाणी उकळण्यात चाललेय! चुलीचा दोष नाही!"

मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. त्यांनी दोनदा वास घेतला. "चुलीचं मागनं बघू," ते म्हणाले, "बांगडं भाजून झालं असतील तर आधी वाढा!"

त्या दिवसापासून सरांनी ओल्या लाकडाशी वैर धरलंय. डेमोची लाकडं शेडमध्ये पत्र्याखाली वाळवायची, ताडपत्रीत बांधायची, आणि निघताना सर एकेक काटकी मोडून बघणार. कट्‌ असा आवाज आला नाही की ती गेली गटारात. इकबालभाई म्हणतात, "माझ्या मुलीचं स्थळसुद्धा मी एवढं तपासलं नव्हतं."

*

वेळणेश्वरच्या एका वहिनींचा फोन आला. "तुमची चूल भोकं पडलेली निघाली हो! मी बुजवून घेतली, तरी धूर करते."

आम्ही गेलो. बघतो तर काय, चूल ओळखू येईना! वहिनींनी तिला शेणमातीनं छान लिंपली होती, वर-खाली, आतून-बाहेरून. हळदकुंकू लावलं होतं, पुढ्यात रांगोळी होती. नवी चूल घरात आली की तिचं करायला नको का? वरच्या भोकांची सगळी रांग मातीखाली गेली होती.

सर खाली बसले. रागावता येईना, एवढ्या मायेनं केलेलं काम. "वहिनी, ती भोकं म्हणजे चुलीचं नाक आहे. तुम्ही तिचं नाकच दाबलंत."

"अगो बाई! मग आधी सांगायचं नाही?"

सरांनी परत आल्यावर इकबालभाईंना कामाला लावलं. प्रत्येक चुलीवर लाल रंगात ठसठशीत अक्षरं, 'भोके लिंपू नयेत'. वहिनींना त्यातली पहिली नवीन चूल आम्ही स्वतः नेऊन दिली आणि त्यांच्याकडून ती पाटी मोठ्यानं वाचून घेतली.

पुढच्या महिन्यात मी सहज डोकावले. भोकं सगळी मोकळी, चूल एकदम झकास जळत होती. बाकी अंगाला मात्र लिंपण होतंच, आणि पाटी त्याच्याखाली. मी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "वाचून झाली होती ना?"

*

आमच्या चुलीला ओंडका चालत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीची काटकी हवी, म्हणजे ती सगळीकडून पेटते. जुन्या चुलीत काय, एक लाकूड सारलं की दुपारपर्यंत बघायला नको. देवरूखच्या एका काकूंनी तर मला दारातच धरलं. "ही चूल म्हणायची की दात न आलेलं पोर? सगळं बारीक करून भरवावं लागतंय!"

मी म्हटलं, आता ही चूल परत येणार. पण काकू पुढे म्हणाल्या, "लाकडं बारीक करायला वेळ कुणाला आहे? म्हटलं ह्यांना, रिकामेच बसता, घ्या कोयता. लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदा माणूस माझ्या स्वयंपाकाच्या कामाला हात लावतोय!"

मागच्या पडवीत काका मान खाली घालून काटक्या तोडत होते. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही.

त्या आठवड्यात त्या आळीतून एकदम चुलींची मागणी आली. सर खूष! "बघा मंदाताई, धुराचं महत्त्व पटायला लागलं लोकांना." मी मान डोलावून मागण्या लिहून घेतल्या. मला फोनवर बायका विचारत होत्या, "काकांना कोयता धरायला लावणारी चूल, ती हीच ना?"

*

सरांकडे धूर मोजायचं एक यंत्र आहे. तपकिरीच्या डबीपेक्षा थोडं मोठं, गळ्यात अडकवतात. हवेत धुराचे कण वाढले की ते किंचाळतं. सरांचा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

पावस गावाच्या बाजूला एका घरी चूल बसवली, पेटवली, यंत्र गप्प. सर चहा पिऊन उठणार एवढ्यात यंत्र किंचाळलं! सरांनी चूल विझवली, जाळी काढली, भोकं तपासली. परत पेटवली, गप्प. थोड्या वेळानं परत किंचाळी! सगळी सकाळ हेच. चूल सुटी होऊन अंगणात पडली, सरांच्या अंगावर काजळी, आणि घरातल्या ताई गॅसवर कढई ठेवून आपला स्वयंपाक उरकत होत्या.

तेवढ्यात यंत्र परत किंचाळलं. चूल तर अंगणात सुटी पडलेली!

ताईंनी कढईवर झाकण टाकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "लसूण-मिरचीची फोडणी टाकली की आमचे सासरेपण असेच ओरडतात."

*

सगळ्यात तिखट बोलणी आम्ही खाल्ली ती हर्णैला. एका मावशींनी चूल घेतली पावसाळ्याच्या तोंडावर. गणपतीत त्यांचा फोन, "ताबडतोब या!" दारात पाऊल टाकतो तोच त्यांनी सरांच्या हातात एक टोपली दिली. आत सुकट, आणि सुकटीवर हिरवी बुरशी.

"वर्सानुवर्सं मी चुलीवरच्या फळीवर सुकट ठेवत्ये," मावशी म्हणाल्या. "धुरानं कशी खणखणीत राहायची! औंदा तुमची चूल आली नि माझी सुकट कुजली. वाशांना भुंगापण लागला. द्या माझा धूर परत!"

सर समजावत राहिले. छाती, डोळे, न जळलेलं लाकूड, सगळं सांगून झालं. मावशींनी ऐकून घेतलं. "माझ्या डोळ्यांना बरं वाटतंय, ते मी नाय कुठं म्हणत्ये? चूल मी देनार नाय. पन पावसापुरता थोडा धूर द्या की!"

आम्ही टेम्पोत बसून परत निघालो. मग इकबालभाई हळूच म्हणाले, "सर, एक धुराचं मॉडेल काढूया का? सुकट स्पेशल?"

"इकबालभाई," सर म्हणाले, "मी जिवंत असेपर्यंत या टेम्पोतून धूर जाणार नाही!"

*

आता आत्याचा किस्सा.

गेल्या थंडीत तिचा खोकला फारच वाढला. सर जाऊन तिला रत्नागिरीला घेऊन आले. दवाखाना, वाफारे, सगळं झालं. जरा बरं वाटायला लागल्यावर आत्यानं घरी जायचा धोशा लावला. सर म्हणाले, "सोडतो. पण माझी चूल बरोबर येईल. नाहीतर तू इथंच राहायचंस."

आत्यानं पदर खोचला. "बरं," ती म्हणाली. "पन काय झालं तर मागनं माज्यावर ढकलायचं न्हाय, बाळ्या."

संध्याकाळी आम्ही तिघं तिला टेम्पोतून घरी घेऊन गेलो. सरांनी जुन्या चुलीचं तोंड विटा लावून बंद केलं, नवी मांडली, पेटवून दाखवली. परत येताना सर चक्क गाणं गुणगुणत होते. मी त्यांना गाताना पहिल्यांदाच ऐकलं. परत कधी ऐकायला लागू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर फोन आला. वाडीतले पोलीसपाटील. सरांनी स्पीकरवर घेतला. "सर, जरा येऊन जा. आत्याचं दार आतनं बंद हाय. हाका मारल्या, ओ न्हाय. आणि सकाळपासून चूल पेटलेली न्हाय."

सर चपला न घालताच बाहेर पळाले. इकबालभाईंनी टेम्पो बाहेर काढला. वाटभर सर एकच वाक्य म्हणत होते, "मी उशीर केला, मंदाताई. फार उशीर केला." त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मी पण रडत होते, खोटं कशाला सांगू? इकबालभाई पुढे बघून तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होते.

आम्ही तिघं! जिल्हाभर बिनधुराच्या चुली विकणारे, काल संध्याकाळी स्वतःच्या हातानं तिच्याकडे तसली चूल मांडून आलेले! "चूल पेटलेली न्हाय" हे तिकडं कोणी कशावरून ठरवलं, ते विचारायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

वाडीत पोचलो तर अंगणात सगळी वाडी गोळा झालेली. गर्दी बाजूला करून सर धावले. पडवीत आत्या मांडी घालून बसली होती. पुढ्यात ताट, ताटात पिठलं-भात. ती जेवत होती!

"आलास?" ती म्हणाली. "हात धू. बक्कळ हाय."

झालं होतं ते असं. आत्याच्या घरासमोर पऱ्या, म्हणजे लहान ओढा आहे, आणि पऱ्यापलीकडे भागीकाकूंचं घर. ह्या दोघींचं बोलणं कित्येक वर्षं बंद. भांडण कोंबडीवरून झालं की कोंबड्यावरून, यावर वाडीत अजून दोन मतं आहेत. पण भागीकाकू रोज सकाळी अंगणात येऊन समोरच्या कौलांकडे बघायच्या. कौलांतून धूर निघाला की शेवंती उठली. मग आपल्या कामाला लागायच्या. त्या दिवशी धूर निघालाच नाही. काकूंनी पऱ्याच्या काठावरून नुसताच आरडाओरडा केला, नाव घेऊन हाक मारायची तर भांडण मोडलं असतं! मग वाडी गोळा केली. लोकांनी दार ठोठावलं. आतून ओ नाही.

ओ कुठून येणार? आत्यानं नव्या चुलीवर भात लवकर उरकला होता, आणि मागच्या दारानं ती काजूच्या बागेत गेली होती. काटक्या गोळा करायला! आमच्या चुलीला बारीक लागतात ना.

आणि भागीकाकू? त्यांनी मनाशी धरलं, शेवंती गेली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं रांधून न्यायचं असतं. त्यांनी डोळे पुसत पिठलं-भात केला, पातेली डोक्यावर घेतली आणि इतक्या वर्षांनी पऱ्या ओलांडला. अंगणात आल्या तर समोरून आत्या काटक्यांचा भारा घेऊन येतेय!

काकू अजून पडवीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. "मेली न्हायस तर सांगायचं तरी!" त्या रडत ओरडल्या. "माजा जीव ग्येला असता ना गो!"

आत्यानं आणखी एक घास घेतला. तिचेही डोळे भरले होते, आणि या खेपेला ते धुरानं नव्हतं. सर तिच्या पायाशी बसून नाक पुसत म्हणाले, "म्हणून तू चूल नको म्हणत होतीस?"

"मग काय!" आत्या म्हणाली. "धूर दिसला न्हाय तर ही बया असा घोळ घालनार, ते मला म्हाईत व्हतं."

सरांचा चेहरा एकदम उजळला. "पण आत्या, आता काय प्रश्न आहे? आता दोघी बोलायला लागलात की!"

आत्यानं भाताचा गोळा पिठल्यात बुडवला, तोंडात टाकला, आणि वाडीसमक्ष म्हणाली, "पिठल्यात मीठ कमी पडलंय, भागी."

काकूंनी डोळे पुसले. दोन्ही पातेली उचलली. आणि मागे न बघता पऱ्या उतरून पलीकडे गेल्या. बोलणं परत बंद!

सरांनी हात टेकले. "अगं, तिच्याकडे मोबाईल आहे, तुझ्याकडे आहे. रोज सकाळी एक मिस्ड कॉल दे."

"मी? तिला? मी का म्हनून आधी?" आत्या उसळली. "त्यापरीस ही तुजी चूल घेऊन जा. मी इटा काढून माजी जुनीच पेटवत्ये."

परतीच्या वाटेवर सर घराघरांच्या कौलांवरचा धूर बघत होते. मी मनात म्हटलं, गेली चूल. परत तो धूर, परत तो खोकला.

त्यानंतर सरांनी इकबालभाईंना पत्र्याचा एक डबा करायला सांगितला. साधाच, झाकणाला भोकं असलेला. कशासाठी ते सांगितलं नाही. तो घेऊन सर एकटेच वाडीवर जाऊन आले. पुढच्या वेळी मी आत्याला भेटले तेव्हा ती आमच्याच चुलीवर चहा करत होती. जुन्या चुलीच्या विटा जागच्या जागी. मी तिथं होते तेवढ्या वेळात ती एकदाही खोकली नाही. मी बघितलं, तो डबा अंगणाच्या पार टोकाला, पऱ्याच्या बाजूला ठेवलेला होता, झाकणाची भोकं काजळीनं काळी झालेली.

परवा लाइट आल्यावर आम्ही उठलो. लांज्याला डेमो होता, टेम्पो भरत होतो. सरांनी नेहमीप्रमाणे डेमोची काटकी न काटकी मोडून बघितली, कट्‌, कट्‌. एक जरा वाकली, ती गटारात गेली. मग ते शेडच्या मागे गेले आणि एक गोणपाट स्वतः उचलून घेऊन आले. जड होतं. खालून पाणी ठिबकत होतं. आत नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, चिंब भिजवलेली! सर खाली बसून ते प्लॅस्टिकच्या कागदात नीट गुंडाळायला लागले.

इकबालभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी इकबालभाईंकडे.

"सर," मी म्हटलं, "हे काय?"

"आत्याचं सामान."

"पण प्लॅस्टिक कशाला?"

सरांनी वर न बघता सुतळीला आणखी एक गाठ मारली.

"वाळता कामा नये!"